थांबून फेकणारा

"एकोणीसशे एक्क्याण्णव. आंतरविद्यापीठ स्पर्धा, पाच सामने, शॉर्टस्टॉपच्या जागेवर बेचाळीस चेंडू, चूक एकही नाही. बरोबर?" अरविंद सबनीसांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बरोबर, काका," कमळाकर म्हणाला.

"भगवान सरांच्या वहीत एक्केचाळीस आहेत. पेपरच्या कात्रणात बेचाळीस."

"तुम्ही म्हणाल ते."

"मी म्हणेन ते कसं? फील्डिंग तू केलीस का मी?"

वाशीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात रविवारी सकाळी जेवायच्या टेबलावर कागदांचा बाजार मांडला होता. कात्रणं, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, संघाचे फोटो. सगळे कमळाकर घरतचे. एवढे कागद खुद्द कमळाकरच्या जासई गावातल्या घरातही नव्हते. तिथे त्याची मेडल्स आईने देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगली होती आणि त्यातल्या एकाच्या फितीने एकदा वासरू बांधलं होतं. सबनीसांनी मात्र सात वर्षं एकेक तुकडा जपला होता. स्वतःच्या मुलाचं कौतुक करायचं राहून गेलं, ते सगळं त्यांनी मुलाच्या मित्रावर ओतलं होतं.

मुलगा म्हणजे निशांत. डिसेंबर नव्वदमध्ये, विसाव्या वर्षी, रात्री झोपला तो उठलाच नाही. त्याच्या नावाने कॉलेजात दर जानेवारीत बेसबॉलच्या चषकाची स्पर्धा भरायची आणि उत्कृष्ट इनफिल्डरचं, म्हणजे बेसजवळच्या खेळाडूचं, बक्षीस कमळाकरच्या हस्ते दिलं जायचं. यंदा सबनीसांनी स्मरणिका काढायची ठरवली होती. निशांतचा फोटो, भगवान सरांचं मनोगत, कमळाकर घरत यांची कारकीर्द व कामगिरी, असं सगळं. फक्त एक पान कोरं होतं.

"उद्या प्रेसवाला येतो," सबनीस म्हणाले. "शेवटच्या दिवसाचं पान तेवढं दे बाबा. तुझ्याशिवाय कोण लिहिणार? शेवटचा सराव तुम्ही दोघांनी एकत्र केलात."

"लिहितो, काका."

"तीन रविवार झाले, लिहितोच आहेस."

ते खरंच होतं. तीन रविवार तो घरी कागद घेऊन बसला होता आणि तारीख टाकून उठला होता. बायको जागृती एकदा वैतागून म्हणाली होती, "एक पान लिवाला एवरा टाइम? तुमी कंपनीन दिसाला पन्नास पावत्या लिवता." पावत्या लिहिणं वेगळं. या पानावर एक तर खोटं लिहायला लागणार होतं, आणि ते छापून या घरात कायमचं राहणार होतं. नाहीतर खरं लिहायला लागणार होतं. मग या घराचा दरवाजा आपल्याला पुन्हा उघडणार नाही, हे कमळाकरला पक्कं ठाऊक होतं.

बेसबॉल आपल्याकडे बघतं कोण? मैदानात अठरा जण खेळतात आणि बाहेर त्यांच्या चपला राखायला चौघे बसतात. तरी या खेळाने कमळाकरचं भलं केलं. भातशेतीत पाखरं हाकायला लहानपणापासून त्याच्या हातात गोफण होती. कॉलेजात अ‍ॅडमिशन घ्यायला आला, तेव्हा त्याने मैदानाच्या कडेच्या झाडावरची कैरी पंचवीस पावलांवरून एका दगडात पाडली. शारीरिक शिक्षणाच्या भगवान सरांनी ते पाहिलं. त्यांनी ना मार्क विचारले ना नाव. "दुसरी पाड," एवढंच म्हणाले. त्याने पाडली. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभा होता. ही जागा म्हणजे सगळ्या भरधाव चेंडूंचा रस्ता. चेंडू अडवायचा आणि पळणारा पोचायच्या आत सरळ पहिल्या बेसवर फेकायचा.

पहिल्या बेसवर निशांत सबनीस असायचा. उंच, सडपातळ, बोलायला लागला की थांबायचा नाही. पहिल्या दिवशी त्याने कमळाकरला विचारलं होतं, "जासईहून येतोस? एवढ्या लांबून फक्त आउट करायला?" आठवडाभरात दोघांचा डबा एक झाला. कमळाकरच्या डब्यातला सुका जवळा निशांत पुसून खायचा आणि आपल्या आईने, जयमालाकाकूंनी, दिलेली पोळीभाजी कमळाकरच्या गळ्यात मारायचा. मैदानात तर दोघांना एकमेकांकडे बघायची गरज उरली नव्हती. कमळाकर चेंडू उचलायचा आणि न बघता फेकायचा. चेंडू जायचा तिथे निशांतचा हात असायचाच. दोन वर्षांत कधी चुकलं नाही. भगवान सर तोंडाने ओरडायचे, "बघून फेक रे शहाण्या!" पण मनात खूश असायचे.

निशांत गेल्यावरही कमळाकरचा खेळ थांबला नाही. उलट बहरला. आधी विद्यापीठ, मग राज्य. त्र्याण्णवला राज्याचा कप्तान, चौऱ्याण्णवला भारतीय संघाच्या शिबिरापर्यंत मजल, आणि शेवटी उरणच्या एका कंपनीत स्पोर्ट्स कोट्यातून कायमची नोकरी. सगळ्यांच्या डोळ्यात भरली ती त्याची नवीन लकब. चेंडू हातात आला की तो अर्धा क्षण थांबायचा. पहिल्या बेसकडे नीट पाहायचा, आणि मगच फेकायचा. हातात ताकद एवढी, की थांबूनही माणूस आउट व्हायचा. पेपरवाल्यांनी लिहिलं, हा त्याचा आत्मविश्वास. कॉलेजातली नवी पोरं ती लकब उचलायला लागली. चषकाच्या सामन्यात एकेक जण थांबून फेकायचा, समोरचा धावून पोचायचा आणि भगवान सर कपाळाला हात लावायचे. आता सबनीसांनी स्मरणिकेत एक आख्खा परिच्छेद त्यावर लिहिला होता.

"हे ऐक," ते म्हणाले. "'फेकण्यापूर्वी क्षणभर थांबून जोडीदाराचा चेहरा पाहणे हे घरत यांचे वैशिष्ट्य. जणू दिवंगत मित्राला ते प्रत्येक चेंडूआधी वंदन करत.' कसं वाटतं?"

कमळाकरने मान खाली घातली. "बरं वाटतं," तो म्हणाला.

वंदन कसलं! चेंडू हातात आला की दर वेळी त्याला पहिल्या बेसवर कोणीतरी पाठमोरं, वाकलेलं दिसायचं. ते वाकलेलं सरळ व्हायची तो वाट पाहायचा. पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा चेहरा दिसला, डोळे दिसले, की मग हात सुटायचा. खेळ सोडून तीन वर्षं झाली तरी ते दिसणं काही सुटलं नव्हतं. कंपनीच्या यार्डात कोणी बुटाची नाडी बांधायला वाकला, की याचे पाय जागच्या जागी थिजायचे. जागृती माडीवरून म्हणायची, "चावी फेका वर्ती," तर हा आख्खा जिना चढून चावी तिच्या हातात द्यायचा. तिला वाटायचं, नवऱ्याला व्यायामाची भारी हौस.

खालून हाक आली. सोसायटीच्या सेक्रेटरी वैजयंतीबाई टाकी साफ करणाऱ्या माणसांशी भांडत होत्या आणि त्यांना भांडणात एक पुरुषमाणूस हवा होता. सबनीस कुरकुरत उठले. "मी येईपर्यंत चार ओळी तरी लिही," असं बजावून त्यांनी कोरा कागद कमळाकरपुढे सरकवला आणि चपला घालून गेले.

स्वयंपाकघरातून जयमालाकाकू आल्या. त्यांनी घावनांची ताटली कागदांवरच ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. त्या कमी बोलायच्या. निशांत गेल्यापासून तर फारच कमी.

"नको लिहूस, होत नसेल तर," त्या म्हणाल्या. "यांना मी सांगते काहीतरी. सारखं सारखं तेच उकरायचं, तुलाही त्रास."

त्यांनी रागावून विचारलं असतं तर तो गप्प बसला असता. सात वर्षं बसलाच होता. पण काकूंना आपली दया येते आहे हे पाहिलं आणि त्याला ते सोसेना.

"काकू, मला तुम्हाला सांगायचंय काहीतरी."

"सांग."

"निशांतला त्या दिवशी लागला व्हता."

मग तो सांगत सुटला. इतकी वर्षं या घरात आल्यावर तो जपून, शहरी बोलायचा. ते सगळं गळून पडलं.

कॉलेजकडे ग्लोव्ह होते दहा, त्यातला एक उसवलेला. सरावाला दोन टीम खेळायच्या म्हणजे अठरा लागणार. म्हणून रीत अशी पडली होती, की डाव बदलला की प्रत्येकाने आपला ग्लोव्ह आपल्या जागेवर जमिनीवर ठेवायचा आणि बॅटिंगला जायचं. समोरच्या टीममधला येऊन तोच ग्लोव्ह हातात घालणार. पुन्हा आपली पाळी आली की पळत जागेवर जायचं आणि उचलायचा, दुसऱ्याच्या घामाने ओला झालेला. चेंडूही मैदानाच्या मधोमध तसाच टाकलेला असायचा. कमळाकर जाता जाता तो उचलायचा, आपला ग्लोव्ह चढवायचा आणि पहिला चेंडू निशांतकडे फेकायचा, न बघता. निशांत नेहमी त्याच्या आधी पोचलेला असायचा. डाव सुरू व्हायची ती दोघांची खूण होती.

"त्या दिशी समोरच्या पोरानं ग्लोव्ह बेसवर नाय ठेवला, काकू. मागं टाकला, रेषेच्या भायेर. निशांत तो उचलाला वाकला व्हता. पाठमोरा. आनि मी फेकला. मी बगला नाय. मी बगलाच नाय."

चेंडू निशांतच्या कानामागे बसला होता. आवाज मैदानभर जावा तसा आला, पण ऐकायला कोण होतं? निम्मी पोरं नळावर पाणी पीत होती, भगवान सर फक्कीच्या रेषा ओढत होते. निशांत गुडघ्यावर बसला, डोकं चोळलं आणि हसला. कमळाकर धावत गेला तर म्हणाला, "काय नाय रे. सरांना बोलू नको. रविवारी सिलेक्शन आहे, बसवतील मला." विद्यापीठाच्या संघाची निवड होती. ज्याला लागलंय त्याला सर खेळू देत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं. निशांत पुढे अर्धा तास खेळला. दोन जणांना आउटही केलं.

"आनि मला बरं वाटला, काकू," कमळाकर म्हणाला. "तो बोलला सांगू नको, तवा मला बरं वाटला. न बगता फेकला म्हनून मला पन सरांनी बसवला असता. मी पन कोनाला नाय सांगितला. सकाली इथं आलो तर काकांनी मिठी मारली, बोलले, तुझा भाऊ गेला, झोपेत गेला, त्याला काय कललं पन नाय. डॉक्टर बोलले डोक्यातली नस तुटली. मंग माझी जीभच हलली नाय."

खाली टाकीवरचं भांडण ऐकू येत होतं. सबनीसांचा आवाज सगळ्यांत शांत होता. काकू टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"लागलं ते. किती वाजता?"

"साडेचार."

काकूंनी डोळे मिटले. कमळाकरला वाटलं, आता त्या रडतील, किंवा उठून आपल्या मुस्काटात देतील. देतील तर बरं होईल, असंही त्याला वाटलं. त्या मात्र मनात कसला तरी हिशेब करत होत्या.

"म्हणजे वेळ होता," त्या म्हणाल्या.

हे वाक्य कमळाकरने कधीच ऐकलं नव्हतं, स्वतःच्या तोंडूनसुद्धा नाही. इतकी वर्षं तो त्या फेकण्याला घाबरत आला होता. आपण पाहिलं असतं तर, आपण थांबलो असतो तर, एवढंच घोकत बसला होता. साडेचार ते रात्र. कितीतरी तास. एक फोन. कॉलेजच्या गेटवर पीसीओ होता, खिशात सुटे पैसे होते, आणि तो जासईची एसटी पकडून घरी गेला होता, आईने केलेलं कालवण दोन वेळा मागून जेवला होता.

"तो सातला आला," काकू बोलत होत्या, त्याच्याकडे न बघता. "म्हणाला, डोकं दुखतंय आई. मी म्हटलं, उन्हात उड्या मारल्यावर दुखणारच. बाम लावून दिला. पुन्हा साडेआठला म्हणाला, मळमळतंय. सोमवारी त्याची प्रॅक्टिकल होती. मला वाटलं, अभ्यास टाळायला नाटक करतोय. ओरडले मी त्याला. म्हटलं, झोप जा, सकाळी लवकर उठून बस. पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर नऊपर्यंत असायचे, कमळाकर. दोन जिने उतरायचे होते फक्त."

"काकू..."

"हे त्या रात्री बँकेतून उशिरा आले, इन्स्पेक्शन होतं. तोपर्यंत तो झोपला होता. सकाळी यांनी विचारलं, काल काही म्हणत होता का. मी नाही म्हटलं." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "एकदा नाही म्हटलं ते म्हटलं. हे सगळ्यांना सांगत सुटले, त्याला काही त्रास झाला नाही, शांत गेला. तेवढ्यावर उभे आहेत ते सात वर्षं. मी कशी सांगू?"

घावनं गार होत होती. कमळाकरला कधी नव्हे ते जाणवलं, की या बाईला आपण दर महिन्याला भेटायला येतो, पाया पडतो, आणि हिचं ओझं निम्मं करायची किल्ली आपल्याच खिशात होती. त्याने तोंड उघडलं असतं तर निदान काकूंना कळलं असतं की मुलगा नाटक करत नव्हता, आणि त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं म्हणून त्या चुकल्या. त्यांनी एकटीने काढली ही वर्षं, आणि त्याने बक्षिसं घेतली.

"मी जातो," तो म्हणाला. "काकांना सांगा, मला नाय जमला."

"बस खाली," काकू म्हणाल्या. शाळेत शिकवत असतानाचा आवाज त्यांना एकदम परत आला होता. "लिही ते."

"काकू, काकांना सोसायचं नाय."

"नाही सोसणार. मलाही सोसत नाही, तुलाही नाही. आपण दोघांनी मिळून त्यांना लहान मूल करून ठेवलंय. तो त्यांचाही मुलगा होता." त्यांनी ताटली बाजूला केली आणि कागद सरळ केला. "जसं मला सांगितलंस तसंच लिही. वेळसुद्धा घाल."

कमळाकरने लिहिलं. तारीख, १४ डिसेंबर १९९०, शुक्रवार. मग ग्लोव्हचं, मग चेंडूचं, मग निशांत काय बोलला ते. 'मला बरं वाटलं' हे वाक्य त्याने एकदा गाळलं आणि पुन्हा घातलं. ज्या पानाला तीन रविवार पुरले नव्हते ते वीस मिनिटांत भरलं. काकू पूर्ण वेळ शेजारी उभ्या होत्या. ओळ संपली की त्या नुसत्या मान हलवायच्या.

सबनीस वर आले ते मिशीत हसत. टाकीवाल्यांनी त्यांचं ऐकलं होतं. टेबलावरचं भरलेलं पान पाहून त्यांचा चेहरा आणखीच उजळला. "वा! आज मुहूर्त लागला," ते म्हणाले. हात पुसून त्यांनी कागद उचलला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "शेवटच्या सरावाला आम्ही दोन वाजता मैदानावर जमलो. निशांत नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी..."

ग्लोव्हपर्यंत ते मोठ्याने वाचत होते. मग आवाज बारीक झाला. मग नुसते ओठ हलत राहिले, आणि मग तेही थांबले. कमळाकर त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकत नव्हता, म्हणून तो त्यांच्या पायांकडे बघत होता. चपला काढायच्या राहिल्या होत्या. सबनीस शेवटपर्यंत पोचले, पान उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं. पुन्हा सुलट करून त्यांनी ते पहिल्यापासून वाचलं.

"हे तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आज कळलं."

सबनीसांनी टेबलाचा आधार घेतला आणि सावकाश खुर्चीत बसले. मग काकूंनी आपली खुर्ची ओढली, त्यांच्या इतकी जवळ, की दोघांचे गुडघे टेकले.

"तो घरी आल्यानंतरचं मी सांगते," त्या म्हणाल्या. "तेही तुम्हाला माहीत नाही."

सबनीसांनी मान वर केली. या एका क्षणात ते कितीतरी म्हातारे दिसायला लागले होते.

"दुखत होतं त्याला?" त्यांनी विचारलं.

"हो," काकू म्हणाल्या.

कमळाकर उठला. नवरा-बायकोच्या मधे आपण बसणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. त्याने आवाज न करता खुर्ची मागे सारली आणि दाराकडे वळला.

"कुठे चाललास?" सबनीस म्हणाले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. आवाजात राग होता की काय होतं, कमळाकरला ओळखता आलं नाही. "बस. तूही ऐकून जा."

तो परत येऊन बसला. काकूंनी सात वाजल्यापासून सांगायला सुरुवात केली.